राजवाड्याखालचं भुयार आणि दीड सेंटिमीटरचा हिशेब

इंदूरची मेट्रो 31 मे 2025 रोजी सुपर कॉरिडॉरवर धावू लागली, ती खांबांवरून. राजवाड्याच्या भागात मात्र ती जमिनीखालून न्यायची आखणी आहे. मग वरच्या जुन्या घरांचं काय?

1863 साली लंडनमध्ये पहिली भुयारी रेल्वे झाली ती रस्ता उघडा खणून, त्यात कमान बांधून आणि वर पुन्हा माती लोटून. स्टेशनं आजही बहुधा वरून खणूनच होतात. पण सराफ्याच्या गल्ल्यांत रस्ता उघडायचा तर दुकानंच उठवावी लागतील. म्हणून दोन स्टेशनांच्या मधलं भुयार टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारं यंत्र, खालच्या खाली पाडतं.

मऊ जमिनीत या यंत्राचं खरं कसब खोदण्यात नाही, समोरची माती ढासळू न देण्यात आहे. फिरत्या चक्राने खरवडलेली माती लगेच बाहेर जात नाही. चक्रामागच्या बंद कप्प्यात ती दाबून ठेवतात. स्क्रू तिला बेताबेताने बाहेर काढतो. स्क्रू जोरात फिरला तर दाब उतरतो आणि वरची जमीन खचते. फारच हळू फिरला तर जमीन फुगते. मागे काँक्रीटचे तुकडे जोडून कडं बसतं. कडं खोदाईपेक्षा थोडं लहान असतं, म्हणून भोवतीच्या फटीत लगोलग ग्राउट, म्हणजे घट्ट होणारा पातळ गारा, भरतात. इथे चालढकल झाली की वर तडे जातात.

आकडे मांडून पाहू. साडेसहा मीटर व्यासाच्या भुयारातून दर मीटरला सुमारे 33 घनमीटर माती निघते. त्यात एक टक्का जास्तीची आली, तर 16 मीटर वरच्या जमिनीवर मधोमध साधारण दीड सेंटिमीटरचा खळगा पडतो. घर सगळंच सारखं खाली बसलं तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा बसला आणि दुसरा तसाच राहिला, की भिंत चिरते.

माळव्यात अडचण वेगळी आहे. वर पाणी पिऊन फुगणारी काळी माती, मग मुरूम आणि खाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण. यंत्राच्या तोंडाशी अर्धा मुरूम आणि अर्धा पाषाण आला तर कठीण भाग खोदाई रोखतो, मऊ भाग मात्र भसाभस आत येतो. पाषाणातल्या भेगांतून पाणी येतं ते निराळंच, आणि कान्ह नदी इथून लांब नाही. अख्ख्या पाषाणापेक्षा मला या सांध्याचीच जास्त भीती वाटते. म्हणून मार्गावर जवळजवळ बोअर घेऊन हा सांधा कुठे किती खोल आहे ते आधीच नकाशावर आणलं पाहिजे. त्यासाठी लागणारा पैसा वाचवू नये.

राजवाड्याचे खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. 1984 च्या आगीनंतर त्याची बरीच पुनर्बांधणी झाली आहे. अशा इमारतीची आणि आसपासच्या प्रत्येक घराची, आधीच्या तड्यांसकट, खोदाईपूर्वी नोंद व्हायला हवी. ती नोंद घरमालकाच्या हातीही हवी. मग भिंतींवरचे मोजणीचे बिंदू रोज वाचून, मिलिमीटर हलताच यंत्राचा दाब बदलता येतो.