जखमेवरचा झाडपाला (मराठवाडा)

कापणे, खरचटणे, भाजणे अशा त्वचेच्या जखमांवर औषधी वनस्पतींचा रस, काढा, तेल किंवा लेप लावण्याची पद्धत. मराठवाड्यात ती शेतशिवारात विशेष टिकून आहे. विळा, खुरपे, कोयता ही तिथली रोजची अवजारे आणि दवाखाना बहुधा लांब.

या कामी हमखास आठवते ती कंबरमोडी. एकदांडी किंवा दगडी पाला म्हणूनही ओळखली जाणारी ही वनस्पती (ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स) सूर्यफुलाच्या कुळातली, मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. आता बांध, पडीक रान, सडकेची कड, कुठेही ती उगवते. खरखरीत, दातेरी पाने आणि लांब बारीक दांड्यावर एकच पांढरे-पिवळे फूल. ऊस तोडताना बोटाला कोयता लागला, की दोन-चार पाने खुडून तळहातावर चोळतात, निघालेला हिरवा रस चिरेत पिळतात आणि चोथा वर दाबून चिंधी बांधतात. जरा झोंबते, मग रक्त थांबते. त्यात रसाबरोबर दाबाचाही वाटा असतो, हे विसरू नये.

जखम भरताना आधी रक्त गोठते, मग सूज येते; पुढे तंतुपेशी कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) तयार करतात आणि कडांकडून नवी त्वचा सरकत येते. कंबरमोडीच्या रसाने उंदरांच्या जखमा लवकर भरल्याचे, स्टेरॉइडमुळे मंदावलेली भरणीही सुधारल्याचे प्रयोगांत दिसले आहे. पण प्रयोगातला अर्क स्वच्छ आणि मोजून घेतलेला असतो; बांधावरच्या पानाला माती, शेण, फवारणीचे औषध लागलेले असते. पाला वापरायचाच तर आधी जखम आणि पाने दोन्ही स्वच्छ पाण्याने धुणे अत्यावश्यक आहे.

हळद तर घरोघरी. हिंगोली, नांदेड, परभणी हा तिचा मोठा पट्टा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीने जखम भरते या ‘शोधा’चे पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिले गेले होते. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने (भारताची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) जुने ग्रंथ आणि लेख पुराव्यादाखल मांडले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. आजीच्या डब्यातले ज्ञान कागदावर नोंदलेले होते, म्हणूनच ही लढाई जिंकता आली. कंबरमोडीसारख्या तोंडी चालत आलेल्या उपायांची गावोगाव नोंद व्हायला हवी ती यासाठीच.

कोरफडीचा गर किरकोळ भाजल्यावर लावतात. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी निथळू द्यावा, तो त्वचेला त्रास देतो. कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने जखम धुतात.

सुश्रुतसंहिता या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथात व्रणाचे, म्हणजे जखमेचे, 60 उपक्रम (उपचार) सांगितले आहेत. त्यांत काढा, कल्क (वाटून केलेला लगदा), तेल आहे, तसेच जखम शिवणेही आहे. खोल चीर, न थांबणारे रक्त, मोठे भाजणे किंवा मधुमेह्याच्या पायाची जखम पाल्यावर सोपवू नये. गंजक्या अवजाराने किंवा मातीत झालेल्या जखमेला धनुर्वाताची लस लागते. कोणताही रस तिची जागा घेत नाही.