ब्रेंडन आइक यांना मोझिलाने काढलं नव्हतं

‘समलिंगी विवाहाला विरोध केला म्हणून मोझिलाने ब्रेंडन आइक यांना हाकललं,’ हे वाक्य २०१४ पासून फिरतंय. ते चुकीचं आहे.

आइक म्हणजे जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेचे जनक आणि फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे सहसंस्थापक. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करणाऱ्या ‘प्रपोझिशन ८’ या जनमताला टाकलेल्या प्रस्तावाला त्यांनी १,००० डॉलर दिले. ही देणगी २०१२ मध्येच उघड झाली होती, तरी ते मोठ्या पदावर राहिले. मार्च २०१४ मध्ये ते सीईओ झाले आणि वादळ उठलं. काही कर्मचाऱ्यांनी पायउतार व्हा म्हटलं. ओकेक्युपिड या डेटिंग संकेतस्थळाने फायरफॉक्स वापरणाऱ्यांना दुसरा ब्राउझर घ्यायला सांगितलं. ३ एप्रिलला आइक यांनी राजीनामा दिला. संचालक मंडळाने त्यांना दुसरं पद देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं, असं मोझिलाने जाहीर केलं.

दबाव प्रचंड होता, हे मी नाकारत नाही. पण दबावाखाली सोडणं आणि काढून टाकणं यांत फरक आहे, कायद्यात तर फारच. अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणारी अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी कंपनीला नाही. उलट कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्याची ११०१ आणि ११०२ ही कलमं मालकाला कर्मचाऱ्याच्या राजकीय वर्तनावर नोकरीची धमकी देऊन बंधन घालू देत नाहीत. ग्राहकांच्या बहिष्काराला मात्र ती लागू होत नाहीत. माझ्या मते ते योग्यच आहे: सीईओ संस्थेचा चेहरा असतो, आणि ब्राउझर कुठला वापरायचा हे ज्याचं त्याने ठरवावं.