फील्ड टार्गेट की हंटर फील्ड टार्गेट?

ब्रिटनमध्ये एअर रायफलचे हे दोन खेळ रानातच रंगतात. झाडीत, उतारावर, कधी उंच फांदीवर पत्र्याचे उंदीर, ससे, कावळे बसवलेले असतात. प्रत्येकाच्या अंगावर एक गोल भोक असतं. छर्रा त्यातून जाऊन मागच्या पट्टीवर आदळला की आकृती आडवी होते. दोरी ओढून ती पुन्हा उभी करायची. रायफलही दोन्हीकडे सारखीच, तिथल्या कायद्याच्या मर्यादेतली, साधारण १६ ज्यूल ताकदीची. मग गल्लत होणारच.

फरक आहे तो अंतर कसं ओळखायचं यात. १० मीटर एअर रायफल पाहणाऱ्या आपल्याला अंतराचा प्रश्न कधी पडतच नाही. इथे लक्ष्य किती लांब आहे ते कुणी सांगत नाही, आणि हलका छर्रा दूर गेला की चांगलाच खाली उतरतो.

फील्ड टार्गेटचा नेमबाज प्रचंड शक्तीची दुर्बीण वापरतो. फोकसचं चाक फिरवायचं, चित्र लख्ख झालं की चाकावरचा आकडा वाचायचा, तेच अंतर. मग दुर्बीण त्या अंतराला जुळवून घ्यायची आणि नेम थेट मध्यावर धरायचा. लक्ष्यं ५५ यार्डांपर्यंत असतात. बहुतेक नेम बसून, थोडे गुडघ्यावर किंवा उभ्यानं.

हंटर फील्ड टार्गेटमध्ये स्पर्धा सुरू झाली की दुर्बिणीच्या एकाही चाकाला हात लावता येत नाही. अंतर नजरेनं जोखायचं आणि नेम किती वर धरायचा ते मनाशी ठरवायचं. बहुतेक वेळा पालथं झोपून मारतात. शरीराचा किंवा रायफलचा एखादा भाग जमिनीतल्या खुंटीला टेकलेला हवा. अंतर ४५ यार्डांपर्यंत. शिकाऱ्याची खरी अडचण इथेच भेटते, म्हणून मला हाच खेळ जास्त आवडतो.

त्याची गुणपद्धत मात्र मला पटत नाही. आकृती पाडली तर २ गुण, नुसता पत्र्याला छर्रा लागला तरी १, पूर्ण हुकला तर शून्य. पत्र्याला लागलेला छर्रा म्हणजे रानात जखमी होऊन पळालेलं जनावर. कुठलाही जबाबदार शिकारी त्याला अर्धं यश म्हणणार नाही. फील्ड टार्गेटमध्ये पाडलं तर १, नाहीतर काहीच नाही. नावात शिकारी नसलेला खेळ शिकारीच्या नीतीला इथे अधिक धरून आहे.

नवख्यानं तरी सुरुवात हंटरपासूनच करावी. महागडी दुर्बीण लागत नाही, आणि हुकलेल्या नेमालाही पत्र्यावरचा एखादा गुण मिळत राहतो.