७.६२ × ५१ नाटो काडतूस

७.६२ × ५१ हे रायफल आणि मशीनगनचं काडतूस, नाटोने १९५४ साली प्रमाण म्हणून ठरवलेलं. ७.६२ हा नळीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये आणि ५१ ही पितळी पुंगळीची लांबी. अख्खं काडतूस ७१ मिमी लांब, वजन साधारण २४ ग्रॅम, त्यातली गोळी साडेनऊ ग्रॅमची, आणि नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास. आपल्याकडे फौजेत आणि पोलिसात जिला एसएलआर म्हणतात तिचं हेच काडतूस. एके-४७ चंही ७.६२ च असतं म्हणून लोक दोन्ही एकच समजतात, पण त्याची पुंगळी ३९ मिमी, दारू कमी, गोळीची जाडीही किंचित वेगळी, त्यामुळे एकातलं दुसऱ्यात चालत नाही.

हे काडतूस निवडलं गेलं ते फायरिंग रेंजवर सरस ठरलं म्हणून नाही, अमेरिकेला तेच हवं होतं म्हणून. म्हणजे वाईट आहे असं नाही, ताकद भरपूर, लांबवर नीट जातं, मशीनगनला तर झकास. पण दुसऱ्या महायुद्धाचा अनुभव वेगळंच सांगत होता. पायदळातला शिपाई बहुतेक वेळा तीनशे मीटरच्या आतच गोळी झाडतो, हे बऱ्याच देशांच्या लक्षात आलं होतं. जर्मनांनी युद्धातच ३३ मिमी पुंगळीचं छोटं काडतूस काढलं, रशियनांनी १९४३ मध्ये तसंच एक, त्याची पुंगळी पुढे ३९ मिमीची झाली. ब्रिटिशांनीही तोच धडा घेतला आणि पॉइंट टू एटी, म्हणजे ७ मिमीचं मधल्या ताकदीचं काडतूस बनवलं, आणि त्यासाठी ईएम-२ नावाची रायफल. स्टीफन जॅन्सन या मूळच्या पोलिश इंजिनिअरच्या टीमने इंग्लंडमधल्या एनफिल्डला केलेली. हिचं मॅगझीन चापाच्या मागे दस्त्यात, त्यामुळे नळी पूर्ण लांबीची असूनही रायफल जेमतेम ८९ सेंमी, आणि वर भिंगाची दुर्बीण बसवलेली. १९५१ ला हे सगळं म्हणजे काळाच्या फारच पुढे.

अमेरिकन लष्कराच्या ऑर्डनन्स म्हणजे शस्त्रास्त्र विभागात छोट्या हत्यारांचं संशोधन कर्नल रेने स्टडलर यांच्या हातात होतं आणि त्यांना पॉइंट थ्री झीरो इंचापेक्षा, म्हणजे ७.६२ मिमीपेक्षा, बारीक नळी मान्यच नव्हती. नेमबाज शिपाई लांबवरचं टिपणार, आणि रायफल-मशीनगनला काडतूस एकच पाहिजे, हा तिथला जुना विश्वास. नवीन प्रकारची दारू आली होती, त्यामुळे जुन्या अमेरिकन थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची ६३ मिमीची पुंगळी ५१ वर आणूनही ताकद जवळपास तेवढीच राहिली, आणि हेच आमचं नवीन 'छोटं' काडतूस म्हणून त्यांनी दोस्तांपुढे ठेवलं. छोटं कसलं, पुंगळी आखूड झाली, खांद्याला बसणारा धक्का होता तेवढाच!

१९५० ला अमेरिकेत तुलना चाचण्या झाल्या, वाद मिटला नाही. एप्रिल १९५१ मध्ये ब्रिटनच्या लेबर सरकारने सरळ जाहीर केलं की आम्ही ईएम-२ आणि ७ मिमी घेणार. कॅनडावाल्यांची पंचाईत, त्यांना लंडन आणि वॉशिंग्टन दोन्हीशी जुळवून राहायचं होतं. मग ऑक्टोबरमध्ये निवडणुकीत लेबर पडलं, चर्चिल परत आले, आणि त्यांच्या लेखी एका रायफलपेक्षा अमेरिकेशी एकजूट महत्त्वाची होती. कोरियात लढाई चालू, समोर रशिया, अशा वेळी काडतुसावरून भांडण कोण वाढवणार. ईएम-२ गुंडाळली गेली. जानेवारी १९५२ मध्ये चर्चिल ट्रुमनना भेटले तेव्हा असं ठरलं म्हणतात की काडतूस अमेरिकेचं घेऊ पण रायफल बेल्जियमची एफएएल सगळे घेऊ. लेखी करार असा नाही, त्यामुळे पुढे जे झालं त्याला शब्द फिरवणं म्हणावं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं.

एफएएल ही एफएन कंपनीच्या द्यूदोने सेव्ह यांची. तीही आधी छोट्या काडतुसासाठीच आखलेली, ब्रिटिश ७ मिमीमध्ये बनवून पाहिलेली, मग ७.६२ साठी वाढवावी लागली. १९५५ ला कॅनडाने घेतली, मग ब्रिटनने एल१ए१ म्हणून. अमेरिकेने मात्र १९५७ ला स्वतःचीच एम१४ निवडली, बेल्जियमने रॉयल्टी सोडायची तयारी दाखवूनसुद्धा. पश्चिम जर्मनीने सुरुवातीला एफएएल विकत घेतल्या पण बेल्जियमने घरी बनवायचं लायसन्स दिलं नाही (युद्धाच्या आठवणी ताज्या होत्या), मग त्यांनी स्पेनमधलं डिझाइन घेऊन जी३ काढली. फ्रान्सने तर रायफलला आपलं जुनं साडेसात मिमीच ठेवलं. म्हणजे एकीकरणाचा एवढा गाजावाजा आणि हाती काय, तर काडतूस एक पण मॅगझीन प्रत्येकाचं वेगळं. एफएएलमध्येही मेट्रिक आणि इंची असे दोन प्रकार, इंची मापाचं मॅगझीन मेट्रिक रायफलला बसत नाही. १९८२ ला फॉकलंडमध्ये अर्जेंटिनाकडेही एफएएल आणि ब्रिटिशांकडेही, एकाची मेट्रिक, दुसऱ्याची इंची!

सगळ्यात आधी पाठ फिरवली ती अमेरिकेनेच. एम१४ सलग फायरला लावली की नळी वरच जायची, शेवटी बहुतेक रायफलींचं सलग फायरचं बटण काढून लॉक बसवून शिपायांना दिल्या. १९६३ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी उत्पादन थांबवायचं ठरवलं आणि व्हिएतनाममध्ये एम१६ आली, ५.५६ मिमीची, ब्रिटिशांच्या ७ मिमीपेक्षाही बारीक. तिचं काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, म्हणजे तेवढ्याच वजनात शिपाई दुप्पट राउंड नेतो. बाकीचे देश ७.६२ च्या रायफली बनवायला कारखाने टाकून बसलेले. १९८० ला नाटोने ५.५६ प्रमाण केलं तेव्हा मात्र गोळी बेल्जियमची निवडली, एवढं समाधान एफएनला मिळालं.

भारत कुठल्याच गटात नव्हता तरी हेच काडतूस घेतलं. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊन लढले, त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यात १ए१ एसएलआर, म्हणजे एफएएलचाच भारतीय अवतार, जोरात बनू लागली. तिथेच २ए नावाने बोल्टवाली जुन्या ढंगाची रायफलही ७.६२ मध्ये काढली. पाकिस्तान अमेरिकेच्या करारांत होता, त्याने जी३ घेतली, त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना नाटोचंच काडतूस. आपल्याकडे छोट्या हत्यारांच्या काडतुसांचे दोन जुने सरकारी कारखाने महाराष्ट्रातच आहेत, खडकीचा ब्रिटिश काळातला आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा १९६० च्या दशकातला. पुढे पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेने आखलेली इन्सास रायफल आली तीही ५.५६ ची. आणि २०१९ मध्ये सैन्याने अमेरिकेकडून ७२,४०० सिग ७१६ रायफलींची ऑर्डर दिली ती परत ७.६२ × ५१ ची, कारण काश्मीरमधल्या जवानांना एका गोळीत माणूस थांबवणारं हत्यार हवं होतं. मशीनगन आणि स्नायपरमधून तर हे काडतूस कधी गेलंच नव्हतं. खुद्द अमेरिकन लष्कराने २०२२ मध्ये निवडलेलं नवीन काडतूस ६.८ मिमीचं आहे, पुंगळी तीच ५१ ची, आणि नाटोतले बाकीचे बहुतेक देश अजून ५.५६ वरच आहेत.