सोरायसिस भडकला? आधी गोळ्यांची पिशवी उघडा

निपाणी-चिकोडीकडच्या बऱ्याच घरांत औषधं दोन-तीन गावांची असतात. बीपीची गोळी बेळगावची, त्वचेचं मलम कोल्हापूर-मिरजेचं, सांधेदुखीची गोळी गल्लीतल्या दवाखान्याची. एकाची चिठ्ठी दुसऱ्यानं पाहिलेली नसते. सोरायसिस वाढला की मग थंडीला, वांग्याला, टेन्शनला दोष दिला जातो, गोळीवर कुणाचा संशय जात नाही.

निरोगी त्वचेची पेशी तळातून वर येऊन झडायला साधारण 28 दिवस लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यात हेच काम तीन-पाच दिवसांत उरकतं, म्हणून चंदेरी खपल्या साचतात. काही औषधांमुळे हा वेग आणखी वाढतो.

बीपी, हृदयविकार, मायग्रेन आणि हात थरथरणं यांसाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या त्यांपैकीच. ओळखायला सोप्या: प्रोप्रानोलोल, अटेनोलोल, मेटोप्रोलोल, सगळ्यांच्या शेवटी ‘लोल’. काचबिंदूचे टिमोलोल थेंबही याच घराण्यातले, आणि डोळ्यात घालायचं औषध सांगायचं हमखास राहून जातं. पंचाईत अशी की यांचा परिणाम बहुधा काही महिन्यांनी दिसतो. ‘ही गोळी तर वर्षभर चालू आहे’ म्हणून ती निर्दोष ठरत नाही. मानसिक आजारावरचं लिथियमही असंच सावकाश त्रास देतं. संधिवातासाठी, आणि आपल्याकडे मधुमेहासाठीही, दिलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्या मानानं लवकर, काही आठवड्यांतच. बुरशीवरच्या टर्बिनाफिनचंही तसंच, आणि सोरायसिसचा चट्टा गजकर्ण समजून हीच गोळी सुरू झाली तर दुखणं दुप्पट. वेदनाशामक गोळ्यांविरुद्धचा पुरावा कच्चा आहे.

सगळ्यात घातक प्रकार मात्र औषध घेतल्यानं नव्हे, ते एकदम बंद केल्यानं होतो. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही स्टिरॉइडं. गोळी किंवा इंजेक्शन घेतलं की चट्टे आठवड्यात मावळतात, माणूस खूश होतो आणि औषध सोडतो. मग दाबून ठेवलेला दाह दुप्पट जोरानं उसळतो. कधी अंगभर बारीक पूभरले फोड येतात, कधी जवळजवळ सगळी कातडी लाल होऊन सोलू लागते. सोबत ताप, हुडहुडी असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. नाव नसलेल्या पुडीतल्या गोळीनं किंवा चूर्णानं चार दिवसांत जादू झाली, तर त्यात स्टिरॉइड असण्याची शंका घ्या आणि ती पुडी डॉक्टरांना दाखवा.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना सगळी औषधं न्या: थेंब, मलमं, इंजेक्शनची चिठ्ठी, सगळं. दुकानदार पट्टी कापून चार गोळ्या देतो तेव्हा नाव दुसऱ्या तुकड्यावर राहतं. नावाचाच तुकडा मागून घ्या. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत घटक असतो, खरं नाव ते. प्रत्येक औषध कोणत्या महिन्यात सुरू झालं आणि चट्टे कधी वाढले, एवढं एका कागदावर लिहा.

संशय आला तरी गोळी स्वतःहून थांबवू नका. बीटा ब्लॉकर अचानक सोडला तर छातीत दुखणं, हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. बदल करायचा तो ती गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच, बहुतेकदा डोस हळूहळू उतरवत. बदलल्यावरही त्वचा निवळायला आठवडे, कधी महिने लागतात. लिथियम पुष्कळदा बदलता येत नाही. तेव्हा ते चालू ठेवून मलमांनी किंवा प्रकाशोपचारानं चट्टे आटोक्यात आणतात.