द्विमान पद्धती (संगणकातील)

द्विमान पद्धती : ० आणि १ या दोनच अंकांत सर्व संख्या लिहिण्याची स्थानमूल्य पद्धती. उजवीकडून डावीकडे स्थानांची किंमत १, २, ४, ८ अशी दुपटीने वाढते. त्यामुळे दशमानातील १३ येथे ११०१ असे लिहितात. एका अंकाला बिट आणि आठ बिटांच्या गटाला बाइट म्हणतात.

संगणकाने ही पद्धती घेतली ती गणिताच्या सौंदर्यापेक्षा विद्युत् मंडलांच्या नाइलाजाने. तारेतला विद्युत् दाब (व्होल्टेज) कधीच नेमका राहत नाही. तापमान, पुरवठ्यातील चढउतार आणि शेजारच्या तारा त्यात सतत ढवळाढवळ करतात. ५ व्होल्टवर चालणाऱ्या टीटीएल (ट्रान्झिस्टर-ट्रान्झिस्टर लॉजिक) जातीच्या मंडलांत म्हणून ०·८ व्होल्टपर्यंतचा दाब ० आणि २ व्होल्टच्या पुढचा १ मानतात; मधला पट्टा मोकळा सोडलेला असतो. पाठवणाऱ्या मंडलावर बंधन याहून कडक : ० पाठवताना ०·४ च्या वर आणि १ पाठवताना २·४ च्या खाली जायचे नाही. दोन्हींकडची ०·४ व्होल्टची ही सवलत गोंगाट पचवते. त्याच ५ व्होल्टमध्ये दहा अंक बसवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा व्होल्ट येतो, आणि सवलतीला जागाच उरत नाही. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांचे असेच आहे : पाणी इंचाइंचाने चढते, पण कोल्हापुरात बातमी पोहोचते ती अमुक क्रमांकाचा दरवाजा उघडला, तमुक बंद झाला, एवढीच. सात दरवाजांच्या अशा उघड-बंद मांडण्या १२८ होतात. आस्की या सात बिटांच्या संकेतावलीतील चिन्हांची संख्याही तेवढीच आहे.

यापेक्षाही महत्त्वाचा, पण पाठ्यपुस्तकांत अनेकदा राहून जाणारा मुद्दा पुनरुज्जीवनाचा. द्विमान मंडलाचा प्रत्येक टप्पा मिळालेला मळका दाब वाचून पुढे स्वच्छ ० किंवा १ पाठवतो. दूरच्या संदेशवहनात सलग बदलणारा संकेत वर्धकातून (ॲम्प्लिफायरमधून) नेला, तर त्याच्याबरोबर गोंगाटही वाढत जातो. द्विमान संकेत मात्र वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर नव्याने घडवता येतो.

उगम : या पद्धतीचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. पाश्चात्त्य ग्रंथांत सामान्यतः गोटफ्रीट लायप्निट्स यांचे नाव येते. त्यांचे १६७९ चे हस्तलिखित आणि १७०३ चा फ्रेंच लेख उपलब्ध आहेत. हस्तलिखितात छिद्रांतून गोट्या सोडून बेरीज करणाऱ्या यंत्राची कल्पनाही आहे. मात्र इंग्रज गणिती टॉमस हॅरियट (१५६०–१६२१) यांच्या अप्रकाशित कागदांत द्विमान अंकन आधीच आढळते, आणि हुआन कारामुएल यांनी १६७० मध्ये ते छापलेही होते. ‘यी जिंग’ या चिनी ग्रंथातील षट्‌रेखाकृतींशी असलेले साम्य झोआकिम बूव्हे या जेझुइट धर्मोपदेशकाने पत्राने कळवले, तेव्हा लायप्निट्स यांची पद्धती तयार झालेली होती. तेव्हा तिचे मूळ चिनी म्हणता येत नाही.

भारतीय बाजूने दावा पिंगलाच्या छंदःशास्त्राचा. पिंगलाचा काळ बहुधा इ. स. पू. तिसरे ते दुसरे शतक. तो पाणिनीचा धाकटा भाऊ होता ही परंपरा खरी धरणारे त्याला आणखी मागे नेतात, पण ती परंपरा बरीच उत्तरकालीन आहे. अमुक अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या किती आणि कोणत्या मांडण्या होतात, हे सांगणारे ‘प्रत्यय’ त्याच्या आठव्या अध्यायात येतात. सर्व मांडण्या ओळीने लिहिणे म्हणजे प्रस्तार. क्रमांकावरून मांडणी काढणे म्हणजे नष्ट. मांडणीवरून क्रमांक काढणे म्हणजे उद्दिष्ट. सूत्रे अतिशय त्रोटक आहेत. आज दिला जातो तो अर्थ बराचसा दहाव्या शतकातील हलायुधाच्या टीकेवर उभा आहे, हे विसरून चालत नाही.

नष्टाची रीत अशी : क्रमांक सम असेल तर लघु लिहून त्याचे अर्धे करावे, विषम असेल तर गुरू लिहून त्यात १ मिळवावा आणि मग अर्धे करावे. बारा अक्षरी चरणाच्या ४,०९६ मांडण्यांपैकी ५८६ वी घेऊ. ५८६ सम, म्हणून लघु, उरले २९३, विषम, म्हणून गुरू, १४७, पुन्हा गुरू, ७४, लघु, ३७, गुरू, १९, गुरू, १०. अशा बारा पायऱ्या संपल्यावर हाती लघु-गुरू-गुरू चार वेळा येते, म्हणजे चार यगण, म्हणजेच मनाच्या श्लोकांचे भुजंगप्रयात. गुरूला ० आणि लघूला १ मानून डावीकडून १, २, ४ अशा किमती दिल्या, तर १ + ८ + ६४ + ५१२ = ५८५ येते. प्रस्तार शून्याऐवजी एकापासून मोजतात, म्हणून एकाचा फरक.

या आधारे बी. व्हॅन नूटन यांनी १९९३ च्या निबंधात पिंगलाला द्विमान संख्या ज्ञात होत्या असे मांडले. प्रस्ताराचा क्रम आणि द्विमान क्रम एकच आहे, यात शंका नाही. पण पिंगल या मांडण्यांची बेरीज-वजाबाकी करत नाही. त्याला वृत्ते मोजायची आहेत. त्यामुळे याला द्विमान अंकपद्धती म्हणण्याऐवजी द्विमान गणनक्रम म्हणणे अधिक सुरक्षित. शिवाय सगळे पद्य या साच्यात बसत नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी (माधव ज्यूलियन) ओवी-अभंगांचा ‘छंद’ हा वर्ग वेगळा काढला तो तिथे लघु-गुरूभेद चालत नाही म्हणूनच. आणि पिंगलापासून किंवा लायप्निट्सपासून आजच्या संगणकापर्यंत अखंड धागा दाखवता येत नाही.

संगणकापर्यंत सलग येणारा धागा जॉर्ज बूल यांच्या तर्कबीजगणितापासून (१८४७, १८५४) सुरू होतो. रिलेची (विजेने उघड-बंद होणाऱ्या कळींची) जोडणी हे बूल यांचेच बीजगणित आहे, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या प्रबंधात दाखवले. जपानमध्ये अकिरा नाकाशिमा यांनी त्याच सुमारास असेच निष्कर्ष काढले होते. कोनराड त्सूझे यांचे झेड-३ (१९४१) हे गणनयंत्र द्विमान होते. उलट एनिॲक (१९४५) हा अमेरिकी संगणक दशमान : एक अंक धरायला दहा फ्लिप-फ्लॉपचे (दोन अवस्थांच्या मंडलांचे) कडे, जिथे चार पुरले असते. १९४५–४६ च्या सुमारास जॉन फॉन नॉयमन आणि सहकाऱ्यांच्या टिपणांनंतर पारडे द्विमानाकडे झुकले. अंकांची स्थाने × प्रत्येक स्थानाच्या अवस्था असा खर्च धरला, तर दहा लाखांपर्यंतच्या संख्यांना दशमानात ६०, द्विमानात ४० आणि त्रिमानात (तीन अंकांच्या पद्धतीत) ३९ पडतात. म्हणजे कागदावर त्रिमान सरस. मॉस्कोत १९५८ मध्ये निकोलाय ब्रुसेंत्सोव्ह यांनी ‘सेतून’ हा त्रिमान संगणक चालवूनही दाखवला. पण तीन अवस्थांचा स्वस्त, भरवशाचा घटक बाजारात आला नाही.

साठवण व प्रेषण : डीरॅम या संगणकाच्या कामचलाऊ स्मृतीत बिट म्हणजे धारित्रातील (कपॅसिटरमधील) विद्युत् भार, तो गळतो, म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. सीडीवर खड्डा म्हणजे १ असा समज आहे, पण तिथे १ दाखवतो तो खड्ड्याचा काठ. देवनागरी अक्षरे युनिकोड या सर्व लिप्यांच्या संकेतावलीच्या यूटीएफ-८ रूपात प्रत्येकी तीन बाइट घेतात, काना-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजून. ‘कोल्हापूर’ या शब्दाला असे नऊ घटक, २७ बाइट, २१६ बिट लागतात. पहिल्या ‘क’चे रूप १११००००० १०१००१०० १००१०१०१.

प्रत्यक्ष माध्यमात दोनच पातळ्या असतात असे मात्र नाही. क्यूएलसी जातीच्या फ्लॅश स्मृतीत एका पेशीत भाराच्या १६ पातळ्या, म्हणजे चार बिट असतात. २५६-क्यूएएम प्रेषणात प्रत्येक संकेत-चिन्ह २५६ प्रकारांपैकी एक असते, म्हणून एका चिन्हावर आठ बिट जातात. पातळ्या जवळ आल्याने चुका वाढतात आणि त्या दुरुस्त करायला जादा बिट खर्ची घालावे लागतात. हिशेबाच्या कामातही द्विमानाची एक अडचण आहे : ०·१ हा अपूर्णांक त्यात संपतच नाही (०·०००११००११...), म्हणून पैशांचे व्यवहार बहुधा पूर्णांकी पैशांत किंवा दशमान संकेतांत ठेवतात.