शस्त्रक्रिया मोफत, तरी रुग्ण का येईना? अरविंद नेत्र रुग्णालयांची पार्श्वभूमी

तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांबद्दल बोलताना लोक आकड्यांनी सुरुवात करतात. वर्षाला ४ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया आणि लेसर उपचार, त्यातले निम्म्याहून जास्त मोफत किंवा नाममात्र दरात. आकडे मोठे आहेतच. पण हा पसारा कसा वाढत गेला हे समजून घ्यायचं तर वेगळा प्रश्न विचारायला हवा: मोफत मिळत असूनही आंधळा माणूस दवाखान्यात का येत नाही?

संस्थेचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचा जन्म १९१८ चा, खेड्यातला. त्यांना खरं तर प्रसूतितज्ज्ञ व्हायचं होतं. लष्करी वैद्यकीय सेवेत असताना संधिवाताने त्यांना गाठलं. हातापायांचे सांधे कायमचे वाकडे झाले, बराच काळ अंथरुणात गेला आणि प्रसूतीचं काम हातून निसटलं. मग ते नेत्रशास्त्राकडे वळले. वाकड्या बोटांत बसतील अशी हत्यारं त्यांनी करून घेतली आणि त्याच बोटांनी पुढे लाखभर शस्त्रक्रिया केल्या. मदुराईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभाग सांभाळताना ते गावोगाव नेत्रशिबिरं घेत.

१९७६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि मदुराईत ११ खाटांचं रुग्णालय सुरू केलं. श्री अरविंदांवर त्यांची श्रद्धा होती, म्हणून नाव अरविंद. पैसा मात्र नव्हता. घर गहाण पडलं, घरातले दागिनेही गेले. बहीण डॉ. नाच्चियार आणि मेहुणे डॉ. नम्पेरुमाळसामी कामाला येऊन मिळाले, भावाने बांधकाम आणि हिशेब अंगावर घेतले. त्याच वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला होता. प्रश्न देशभराचा होता, उत्तर शोधायला बसलं होतं एक कुटुंब.

पैसे देऊ शकणाऱ्यांकडून घ्यायचे आणि त्याच कमाईतून बाकीच्यांचं करायचं, हे सूत्र सुरुवातीपासूनचं. उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही, मोफत की पैसे भरून हे रुग्णानेच ठरवायचं. डॉक्टर मात्र तेच, आळीपाळीने दोन्हीकडे. माझ्या मते या संस्थेचा सगळ्यात धाडसी निर्णय हाच. गरिबीचा पुरावा मागणाऱ्या खिडकीपाशी किती माणसं मागे फिरतात, ते रांगेत उभं राहिलेल्यालाच कळतं.

तरीही रुग्ण येत नव्हते. शिबिरात मोतीबिंदू सापडायचा, शस्त्रक्रिया फुकट आहे हे सांगून व्हायचं, आणि माणूस घरी निघून जायचा. कारणं साधीच होती. बसभाडं कोण देणार? सोबत कोण येणार आणि त्याची मजुरी कोण भरून देणार? तिकडे राहायचं, जेवायचं काय? म्हणून अरविंदने रुग्णांना शिबिरातूनच बसने न्यायला, जेवू घालायला आणि परत गावी सोडायला सुरुवात केली. मोफत सेवेत आता प्रवास आणि जेवणही धरलं जाऊ लागलं.

दुसरा अडथळा भिंगाचा होता. जुन्या पद्धतीत मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंग उरायचं नाही, त्याऐवजी जाड काचांचा चष्मा यायचा. त्यातून वस्तू मोठ्या दिसत, बाजूचं नीट दिसत नसे, आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा अंधारात. तशा चष्म्यातून पायरी चाचपत उतरणारे म्हातारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. डोळ्यात बसवायचं कृत्रिम भिंग तोवर आलं होतं, पण आयात भिंगाची किंमत १०० डॉलरच्या आसपास. ते पैसेवाल्यांना मिळे, गरिबाच्या वाट्याला चष्मा. हा भेद मोडण्यासाठी १९९२ मध्ये ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना निघाला. त्याने किंमत १० डॉलरच्या घरात आणली आणि पुढे आणखी खाली नेली. आज ही भिंगं शंभराहून अधिक देशांत जातात.

शस्त्रक्रियागृहातली व्यवस्थाही अशीच गरजेतून घडली. एका शल्यविशारदासाठी दोन टेबलं. एका टेबलावरचं काम संपलं की सूक्ष्मदर्शक दुसरीकडे वळतो, तिथे पुढचा रुग्ण तयार असतो. ही तयारी, तपासण्या, समजावून सांगणं, असं बरंचसं काम संस्थेने दोन वर्षं शिकवून तयार केलेल्या खेड्यातल्या मुली करतात. डॉक्टरच्या वाट्याला फक्त डॉक्टरचं काम उरतं.

दरम्यान तेनी, तिरुनेलवेली (१९८८), कोइम्बतूर (१९९७) आणि पुदुच्चेरी (२००३) इथे रुग्णालयं उभी राहिली. पण १९९९ च्या एका अभ्यासाने संस्थेला विचार करायला लावलं: शिबिराच्या परिसरात ज्यांना डोळ्यांच्या उपचारांची गरज होती, त्यांच्यापैकी जेमतेम ७ टक्के लोक शिबिराला येत होते. इतकी वर्षं खपूनही एवढेच. शिबिर एक दिवस भरतं आणि उठून जातं. त्या दिवशी पेरणी असेल, घरात आजारपण असेल, तर पुढच्या वेळेची वाट पाहायची.

यावर उपाय म्हणून कायमची दृष्टिकेंद्रं आली. लहान गावातल्या एक-दोन खोल्या, तपासणीचं यंत्र, प्रशिक्षित तरुणी आणि इंटरनेट. ती डोळा तपासते, नोंदी रुग्णालयाकडे पाठवते, मग पडद्यावर डॉक्टर दिसतात आणि थेट रुग्णाशी बोलतात. बहुतेकांना चष्मा किंवा औषध पुरतं, ते तिथल्या तिथे मिळतं. ज्याला शस्त्रक्रिया लागते, तेवढाच मोठ्या रुग्णालयात जातो. डॉ. वेंकटस्वामी २००६ मध्ये गेले. त्याआधी या केंद्रांची सुरुवात झालेली त्यांनी पाहिली होती.